दवाखान्यावरची क्वार्टर

"वैजयंता, तुझी गादी जरा गच्चीवर नेऊन टाक. कपडे, भांडी, सगळंच. दोन तासांचा तर प्रश्न आहे."

शलाकावहिनी माझ्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. दारात म्हणजे दाराच्या आत. कडी वाजवून बाहेर थांबायचं असतं, ही रीत त्यांना दुसऱ्यांच्या घरापुरती ठाऊक होती आणि माझी खोली त्यांच्या लेखी कुणाचं घर नव्हती. मी तोंडात ब्रश धरून त्यांच्याकडे बघत राहिले.

"आज करुणा सन्मानवाले पाहणीला येणार ना! सरांनी सांगितलं नाही?"

सरांनी सांगितलं नव्हतं. कौतुक करायचं असलं की सर स्वतः बोलत, काम सांगायचं असलं की बायकोला वर पाठवत.

"पाहणी खालच्या दवाखान्याची ना वहिनी? माझी गादी कशाला?"

"दवाखाना काय, सगळ्यांचाच असतो. आपण त्यांना आश्रयघर आहे म्हणून कळवलंय. म्हाताऱ्या, बेवारशी प्राण्यांचं. मग ते कुठंतरी दाखवायला नको?"

त्या इतक्या सहज बोलल्या की असं आश्रयघर आपल्याकडे आहे आणि मीच ते विसरले, असं क्षणभर मला वाटून गेलं.

डॉ. श्रीनिवास कारखानीस यांचा पाळीव प्राण्यांचा दवाखाना नाशिकच्या एका नव्या वस्तीत होता. रुंद रस्ते, बंगले आणि बंगल्यांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात 'कुत्र्यापासून सावध राहा'. त्या वस्तीत कुत्र्यांचे वाढदिवस व्हायचे आणि सरांना केक कापायला बोलावणं यायचं. मी परभणीहून पशुवैद्यकाची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडले होते. मुलाखतीत सर म्हणाले होते, "आमच्याकडे स्टाफ नसतो, कुटुंब असतं. राहायची काळजी करू नकोस, वर क्वार्टर आहे."

ही क्वार्टर म्हणजे दवाखान्याच्या गच्चीवर बांधलेल्या दोन खोल्या. एक माझी, एक ज्योत्स्ना बागूलची. ज्योत्स्ना माझ्या आधीपासून तिथे होती, धुळ्याकडची, कामाला वाघ आणि बोलायला शेळी. आमच्या खोल्यांमध्ये प्लायवूडचं एक पार्टिशन होतं आणि पार्टिशनला लागून बोर्डिंगच्या मांजरांचे पिंजरे. मालक परदेशी गेले की त्यांची मांजरं आमच्या उशाशी राहायला यायची. न्हाणीघर एकच. त्यात सकाळी कुत्र्यांच्या आंघोळी आधी, मग आमच्या. पाणी तापवायचं यंत्र कुत्र्यांपुरतंच चालू ठेवायचं, असा नियम होता. खोलीत मासळी शिजवायची नाही, पाहुणा आणायचा नाही, दाराला आतून कुलूप लावायचं नाही. पलंगाच्या डोक्याशी मात्र खालच्या दारावरच्या घंटेची एक वायर आणून ठेवलेली. रात्री कुणाच्या पामेरियनला उचकी लागली तरी घंटा आमच्या कानाशी वाजायची. सर आणि वहिनी समोरच्या बंगल्यात झोपायचे. त्यांच्याकडे वायर गेली नव्हती.

कुटुंबात जेवणही वाटून खायचं असतं. आमच्याकडे ते वर येई, नाही असं नाही. उरलं की येई.

तर त्या सकाळी मी ब्रश बाजूला ठेवून चूळ भरली आणि म्हटलं, "वहिनी, आज माझे वडील येणार आहेत. मी तुम्हाला मागच्या आठवड्यात विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

"अगं बाई, आजच का ते?" वहिनींनी गालावर हात ठेवला. "मग खाली बाकावर बसव ना त्यांना जरा वेळ. चांगला पंखा आहे तिथे."

"ते हिंगोलीहून रात्रभर प्रवास करून येतायत."

"म्हणूनच म्हणते, पंख्याखाली बसव." आणि त्या वळल्या. जाता जाता माझ्या खिडकीतली तुळशीची कुंडी त्यांनी उचलून बघितली आणि परत ठेवली. "ही राहू दे. छान वाटते."

*

बापूंनी उभी हयात एसटीत काढली. कळमनुरीच्या स्टँडवर ते कंट्रोलर होते. काचेच्या केबिनमध्ये बसून माइकवरून गाड्या सांगायचे. त्यांचा आवाज असा की गाडी लागली म्हटल्यावर बाजारातली माणसं भाजीची जुडी तशीच टाकून पळायची. कुणी त्यांना अरे-तुरे केलेलं मी ऐकलं नाही, आमदाराच्या माणसानेसुद्धा. पण क्वार्टर त्यांना कधी मिळाली नाही. स्टँडमागे सरकारी क्वार्टर बांधायच्या म्हणून खडी येऊन पडली होती, ती आमच्या लहानपणी आम्ही खेळून खेळून संपवली. आम्ही भाड्याच्या खोल्यांत वाढलो. प्रत्येक घरमालकाने आईला पाण्यावरून बोललेलं मी ऐकलं आहे. त्यामुळे 'क्वार्टर' हा शब्द बापूंच्या तोंडी देवळासारखा यायचा. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही. "क्वार्टर हाय का?" एवढंच विचारलं. मग साऱ्या गावाला सांगितलं, आमच्या डॉक्टरीणबाईला क्वार्टर हाय.

मला रुजू करायला ते आले होते, तेव्हा सरांनी त्यांना केबिनमध्ये बसवून चहा पाजला. "मुलीची चिंता सोडा नरवाडेसाहेब," असं म्हणाले. वर मात्र नेलं नाही, रंग ओला आहे म्हणाले. त्या भिंतींना रंग माझ्या आधी लागला नव्हता आणि नंतरही नाही. पुढे बापू फोनवर विचारायचे, "कशी हाय गं खोली?" मी सांगायचे, हवेशीर आहे. ते खोटं नव्हतं. खिडकी बंद होत नव्हती.

आता ते ती क्वार्टर बघायला येत होते. मी त्यांचा मोबाइल लावून पाहिला. तो बंद होता. प्रवासात ते बंदच ठेवायचे. गाडीत फोन वाजला की ड्रायव्हरचं लक्ष उडतं, असं त्यांचं मत होतं.

"ज्योत्स्ना, बापू आले की त्यांना खालीच थांबव. मी येईपर्यंत वर पाठवू नकोस."

"बरं. तू डोकं गरम करू नकोस पण," ती तिची चादर गुंडाळत म्हणाली. तिचीही खोली रिकामी करायची होती. "दोन तासांचंच तर आहे."

"तू पण तेच म्हण."

"मग काय म्हणू? जायचंय कुठं आपल्याला?"

आम्ही गाद्या गच्चीवर नेल्या. माझ्या कपड्यांचं बोचकं, स्टोव्ह, पुस्तकं, आईच्या हातची लोणच्याची बरणी, सगळं पाण्याच्या टाकीमागे ठेवलं आणि वर ताडपत्री ओढली. पेंटरचा माणूस येऊन माझ्या दारावर पाटी ठोकून गेला. हिरव्या अक्षरात 'विसावा' आणि खाली 'वृद्ध व निराधार प्राण्यांचे आश्रयस्थान'. दार माझं, खिळे नवे. वहिनींनी लांबून पाटी बघितली आणि थोडी डावीकडे करायला सांगितली.

मग निराधार आणायचे होते. खरे निराधार त्या रस्त्यावर कमी नव्हते, पण आमच्या फाटकाशी एखादं टेकलं तर वहिनी बागेच्या पाइपने पाणी मारून त्याला उठवायच्या, त्यामुळे ऐन वेळी एकही मिळेना. शेवटी सरांनी बोर्डिंगमधून दोघांना वर आणायला सांगितलं. एक ऑस्कर, सराफांचा लॅब्राडॉर. सराफ मंडळी केरळ बघायला गेली होती आणि ऑस्कर आमच्याकडे रोज उकडलेली कोंबडी खात होता. दुसरी चिंगी नावाची पांढरी पामेरियन, जिच्या गळ्यात घुंगरू होतं. घुंगरू काढून घेतलं. ऑस्करच्या पुढच्या पायाला सरांनी स्वतः बँडेज बांधलं.

"सर, याला काय झालंय?" मी विचारलं.

"काही नाही झालेलं. पण बघणाऱ्याला काहीतरी दिसायला हवं ना." सर हसले. ते फार छान हसायचे. त्या हसण्यावरच त्यांची निम्मी प्रॅक्टिस चालत असावी. "आणि हे बघ, तू पांढरा कोट घालून इथेच उभी राहा. विचारलं तर सांग, रात्री तूच यांच्याजवळ असतेस. त्यात खोटं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं. यातच त्यांची हुशारी होती.

ऑस्करला माझ्या पलंगावर चढवलं. अंगावर माझीच जुनी शाल घातली. तो पाच मिनिटांत घोरायला लागला. दुसऱ्याच्या जागेत इतकं निवांत झोपताना मी त्याआधी फक्त आमच्या आतेच्या नवऱ्याला बघितलं होतं.

*

करुणा सन्मानवाले म्हणजे कुमुदताई रांगणेकर आणि एक फोटोग्राफर. कुमुदताई हा सन्मान देणाऱ्या ट्रस्टच्या अध्यक्ष होत्या. सुती साडी, मोठं कुंकू, आणि डोळे असे की कधीही भरून येतील. खाली दवाखाना त्यांनी उभ्या उभ्या बघितला. मग जिन्यावर सरांचा आवाज ऐकू आला, "खरं काम वर आहे ताई. आम्ही ते कुणाला दाखवत नाही."

खोलीत शिरल्या शिरल्या कुमुदताईंनी छातीशी हात जोडले.

"अगं बाई! पलंगावर!"

"म्हातारपणी हाडं दुखतात," सर हळू आवाजात म्हणाले. "जमिनीचा गारवा सोसत नाही त्यांना."

मी जमिनीवर उभी होते. ऑस्कर चार वर्षांचा होता.

"कुठं सापडला हा?"

"महामार्गावर. गाडी उडवून गेली होती. नुसती हाडं होती हो अंगावर."

कुमुदताईंनी ऑस्करच्या पाठीवरून हात फिरवला. तिथे हाडं चाचपून शोधावी लागली असती. "चांगला सुधारलाय आता," त्या म्हणाल्या.

"प्रेम," सर म्हणाले.

वहिनींनी तुळशीच्या कुंडीकडे बोट दाखवून, वातावरण प्रसन्न राहावं म्हणून मुद्दाम ठेवली आहे, असं सांगितलं. फोटोग्राफर खिडकीत चढून कोन शोधत होता. मी पांढऱ्या कोटाच्या खिशात हात घालून उभी होते आणि जिन्याकडे कान लावून होते. एवढ्यात चपलांचा आवाज आला. तो मी कुठेही ओळखला असता. उजवा पाय किंचित ओढत यायचा, केबिनमधल्या बसण्याने त्यांचा गुडघा धरला होता.

नंतर कळलं, खाली ज्योत्स्नाला एका मांजराने ओरबाडलं होतं, ती आत हात धूत होती. बापूंनी खाली कंपाउंडरला विचारलं, डॉक्टर नरवाडेंची क्वार्टर कुठं? त्याने बोट वर केलं. बापू सरळ वर आले.

ते दारात थांबले. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, रात्रभरच्या प्रवासाने चुरगळलेला. डोक्यावर टोपी, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कापडात बांधलेला डबा. आधी त्यांनी पाटी वाचली. ओठ हलवत, सावकाश. मग पलंग बघितला. पलंगावरचा ऑस्कर बघितला आणि ऑस्करच्या अंगावरची शाल बघितली. ती शाल त्यांनीच मला परभणीला शिकायला जाताना घेऊन दिली होती. गच्चीतून येताना टाकीमागची ताडपत्रीही त्यांना दिसली असणार, कारण लोणच्याची बरणी अर्धी बाहेर होती.

"हे कोण?" कुमुदताईंनी विचारलं.

सगळे दाराकडे वळले. सरांनी बापूंना ओळखलं. मी सरांकडेच बघत होते म्हणून मला ते दिसलं. डोळ्यांत ओळख आली आणि लगेच त्यांनी ती पुसून टाकली. वहिनी छताकडे बघू लागल्या. मी तोंड उघडलं.

माझ्याआधी बापू बोलले.

"मी इथला राखणदार हाय बाई."

आणि त्यांनी पिशवी आणि डबा दाराबाहेर भिंतीशी ठेवला.

बापू माझ्याकडे बघतच नव्हते. सरांनी एक श्वासही वाया घालवला नाही.

"हो, हो. आमचे काका. रात्रंदिवस इथेच असतात. यांच्याशिवाय विसावा चालायचा नाही."

"वा!" कुमुदताई म्हणाल्या. "काका, तुम्हाला लळा असेल ना मग यांचा?"

"असतोय की," बापू म्हणाले.

"काका, जरा पलंगाजवळ खाली बसा बरं," फोटोग्राफर म्हणाला. "नाही, असं नाही. टोपी थोडी मागं घ्या. हात कुत्र्यावर."

बापू गुडघ्यावर हात देऊन खाली बसले. बसताना त्यांना कळ आली, ती त्यांनी ओठ मिटून गिळली. ऑस्करने डोळे उघडले, त्यांचा हात हुंगला आणि जीभ फिरवली. फोटोग्राफरने दोन-तीन फोटो काढले.

"ती ताटली मध्ये येतेय," तो म्हणाला.

ऑस्करची खाण्याची ताटली बापूंच्या पायापाशी होती. तिला कोंबडीचं खरकटं लागलेलं होतं. सर दोन पावलं पुढे आले. त्यांना ती वाकून उचलता आली असती. त्यांनी बोटाने खूण केली.

"काका, उचल ती ताटली. बाहेर ठेव जा."

उचल. ठेव जा.

माझ्या बापाला कुणी 'उचल' म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आणि ते म्हणणाऱ्या माणसाने त्याच बापाला 'नरवाडेसाहेब' म्हणून चहा पाजला होता, त्याच इमारतीत, बरोबर एक मजला खाली. बापूंनी ताटली उचलली. एका हाताने पलंगाचा पाय धरून उठायला लागले.

"बापू, ठेवा ती खाली," मी म्हणाले.

बापू ताटली हातात धरून अर्धवट उठलेले तसेच राहिले.

"ठेवा म्हणते ना. सर, हे माझे वडील आहेत. तुम्हाला माहीत आहे. ही खोली माझी आहे. हा पलंग माझा आहे, ती शाल माझी आहे, माझं सामान बाहेर टाकीमागे पडलंय." मी कुमुदताईंकडे वळले. "ताई, इथे आश्रयघर नाही. कधीच नव्हतं. हा कुत्रा इथल्या एका सराफांचा आहे, ते केरळला फिरायला गेलेत. त्याला गाडीने उडवलेलं नाही. त्याच्या पायाला काहीसुद्धा झालेलं नाही."

आणि मी पुढे होऊन ऑस्करच्या पायाचं बँडेज सोडलं. ऑस्करला वाटलं खेळ सुरू झाला. त्याने शाल झटकली, पलंगावरून धाडकन उडी मारली, सगळ्यांना एकेक प्रदक्षिणा घातली आणि कुमुदताईंच्या पोटावर पुढचे दोन्ही पाय ठेवून उभा राहिला.

मी वाट बघत राहिले. मला वाटलं, आता संपलं. आता कुमुदताई रागावतील, सरांना चार शब्द सुनावतील, फाटकाबाहेर पडतील.

कुमुदताईंचे डोळे भरून आले.

"म्हणजे," त्या माझा हात धरून म्हणाल्या, "तू स्वतःची खोली दिलीस यांना? स्वतः उघड्यावर राहतेस? आणि तुझे वडील... वडीलसुद्धा सेवा करतात?"

"नाही हो ताई, मी काय सांगतेय—"

"ती हे कबूल करणार नाही," सर म्हणाले. मानही खाली घातली. "तिला प्रसिद्धीचं वावडं आहे. म्हणून तर मी तिच्या वडिलांची ओळखही करून दिली नाही. तिने शपथ घातली होती."

"पण तो सराफांचा—"

"सराफ!" सरांनी उसासा टाकला. "केरळला जाताना कुत्रं मागे टाकून जातात माणसं, ताई. आता याला निराधार नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?"

"अरेरे," कुमुदताई म्हणाल्या.

"आणि पाय बघितलात? सकाळपर्यंत टेकवत नव्हता. आज पहिल्यांदा उभा राहिला. तुमच्या पायगुणाने."

फोटोग्राफरने तो फोटो काढला. कुमुदताईंच्या पोटावर पाय ठेवलेला ऑस्कर, बाजूला हात जोडलेले सर, मागे पदर डोळ्यांना लावलेल्या वहिनी. खोटं बोलणारी माणसं मी आधीही बघितली होती. पण खरं तोंडावर फेकून मारलं तर तेही झेलून खिशात घालणारी माणसं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. त्यांच्यापुढे बोलून उपयोग नव्हता. मी कोट काढला आणि पलंगावर टाकला.

*

सामान बांधायला वेळ लागला नाही, ते बांधलेलंच होतं. त्या बाबतीत वहिनींचे उपकार.

ज्योत्स्ना हाताला पट्टी बांधून गच्चीत आली. "वेडी आहेस का? त्यांनी तुझं कौतुक केलं खाली. पेपरात नाव येईल तुझं. कुठं जाशील?"

"घरी."

"मग नोकरी?"

"बघू."

तिने माझी पुस्तकं दोरीने बांधून दिली. गाठ मारताना ती रडत होती. माझ्यासाठी की तिला राहायचं होतं म्हणून, ते मला कळलं नाही.

फाटकाशी वहिनींनी गाठलं. "अगं, पण एवढं झालं तरी काय? दोन तासांचा तर प्रश्न होता!" आणि सर त्यांच्या मागून आले, तेच हसू घेऊन. "वडील समजूतदार आहेत तुझे. प्रसंग बघून वागले. तू त्यांच्याकडून शीक काहीतरी."

बापूंनी त्यांच्याकडे बघून नमस्कार केला. लोणच्याची बरणी पोटाशी धरून ते रिक्षात बसले.

स्टँडवर हिंगोलीच्या गाडीला अवकाश होता. आम्ही कडेच्या टपरीवर बसलो. बापूंनी डबा सोडला. धपाटे होते, आईने क्वार्टरमध्ये बसून खायला दिलेले. आम्ही ते स्टँडवर खाल्ले. शेवटी मीच विचारलं.

"बापू, राखणदार कामून म्हणालात? माझी नोकरी जाईल म्हणून?"

त्यांनी चहा बशीत ओतला. बशी हातात तशीच धरून ठेवली.

"नोकरीचं कुठं सुचतंय माय तवा." मग समोर लागलेल्या गाडीकडे बघत म्हणाले, "दारात आलो न् ती शाल दिसली. वाटलं, आता हिचा बाप म्हणून हितं उभं राहायचं कसं? ते जमंना. राखणदार म्हणून जमलं."

मला वाटत होतं की त्यांनी माझ्यासाठी कमीपणा घेतला. तसं नव्हतं. माझा बाप असण्यापेक्षा कुत्र्यांचा राखणदार असणं त्यांना त्या खोलीत हलकं वाटलं होतं. सरांच्या 'उचल'चा राग मी तिथेच टपरीवर विसरले. हे मात्र अजून विसरलेले नाही.

"गावात काय सांगाल?" मी विचारलं.

"सांगतो की. क्वार्टर बघितली म्हणून." बशी तोंडाला लावून ते म्हणाले, "लै हवेशीर हाय म्हणून."

आणि आम्ही दोघंही हसायला लागलो. टपरीवाला बघत राहिला. हसता हसता बापूंनी टोपी काढून डोळे पुसले.

*

करुणा सन्मान अर्थातच सरांना मिळाला. पेपरात मोठा फोटो आला. त्यात बापू नव्हते आणि मीही नव्हते, ऑस्कर होता. खाली दवाखान्याचा पूर्ण पत्ता छापला होता आणि म्हाताऱ्या, बेवारशी प्राण्यांसाठी इथे चोवीस तास दार उघडं आहे, असं सरांचंच वाक्य होतं.

त्यापुढचं मला ज्योत्स्नाने फोनवर तुकड्या-तुकड्याने सांगितलं. पेपर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी फाटकाला एक आंधळी कुत्री बांधलेली सापडली. मग खरूज झालेला एक अल्सेशियन, मग गोणीत घालून ठेवलेली मांजरं. लोक मोटारीतून येत, दोरी बांधत आणि काच वर करून निघून जात. वहिनींनी पहिल्या दिवशी सवयीने पाइप हातात घेतला, तर शेजारच्या बंगल्यातल्या बाईने ओरडून विचारलं, आश्रयघर ना तुमचं? शिवाय कुमुदताई दर महिन्याला बिस्किटांचे पुडे घेऊन यायला लागल्या. त्या प्रत्येक कुत्र्याला नावाने हाक मारायच्या आणि एखादं दिसलं नाही की ते कुठे गेलं म्हणून विचारायच्या. त्यामुळे कुणाला हलवायची सोय राहिली नाही. माझी खोली भरली, मग ज्योत्स्नाची भरली. ज्योत्स्ना भाड्याच्या खोलीत राहायला गेली आणि मग दुसऱ्या दवाखान्यात. खरूज बघून बंगलेवाल्यांनी आपली कुत्री बोर्डिंगला ठेवणं बंद केलं. सराफ तर सगळ्यांत आधी ऑस्करला घेऊन गेले. पेपरात त्यांचं नाव नव्हतं, पण साऱ्या वस्तीला त्यांचा कुत्रा ओळखू आला होता.

मी तोवर हिंगोलीकडे एका दूध संघाच्या दवाखान्यात लागले होते. म्हशींचा दवाखाना. तिथे केक कापत नाहीत. एका दुपारी मी एका गाभण म्हशीची तपासणी संपवून हात धूत होते, तेव्हा फोन वाजला.

"वैजयंता? श्रीनिवास कारखानीस बोलतोय. ओळखलंस ना? कशी आहेस बाळ?"

मला ते बाळ कधीच म्हणाले नव्हते. मागे इतकं भुंकणं चालू होतं की ते ओरडून बोलत होते.

"बरी आहे सर."

"अगं, इथं माणूस टिकत नाही. नवी मुलं येतात, वास घेतात नि पळतात. तू परत ये. आपलं कुटुंब आहे ते. झालं गेलं विसर. मी तुझी खोली रिकामी करून देतो. आजच्या आज. सगळी कुत्री बाहेर काढतो, फिनेलने धुऊन घेतो, रंग देतो. बोल."

मी हात पुसले. गोठ्याच्या दारात म्हैसवाला माझ्यासाठी तांब्यात ताक घेऊन उभा होता.

"नको सर," मी म्हणाले. "त्यांना कशाला बाहेर काढता? त्यांना जायला घर नाही."